पिशवीबरोबर आणखी काय काय गेलं?

मॅडम, नमस्कार. मी रेणापूर तालुक्यातली. वय ४३. घरी शिलाईकाम करते, हंगामात शेतातही जाते. सात वर्षांखाली माझी पिशवी काढली. अंगावरून लई जायचं, डॉक्टर म्हणाले ठेवली तर पुढं कॅन्सर होईल. ऑपरेशन झाल्यावर महिन्याच्या आतच अंगातून वाफा निघायला लागल्या, रात्री घामानं उशी भिजायची. सासूबाई म्हणाल्या, पिशवी काढल्यावर असं होतंच, सहन कर. केलं. यंदा येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, आंबिलाची बिंदगी डोक्यावर घेऊन बांधावरून चालले होते, पाय घसरला. नुसती हातावर पडले तर मनगट मोडलं. लातूरच्या हाडाच्या डॉक्टरांनी बाईडॉक्टरकडं पाठवलं. त्यांनी हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या आणि डेक्सा नावाची तपासणी सांगितली. गोळ्या आणल्या, पण जाऊबाई म्हणतात हार्मोननं छातीचा कॅन्सर होतो, तुझ्या मावशीला झाला होताच की. मावशीला ६६व्या वर्षी झाला होता. मालक म्हणतात, दूध पी, कॅल्शियम खा, असल्या गोळ्या कशाला. चार महिने झाले, गोळ्यांची पट्टी कपाटात तशीच आहे. काय करू?

— एक वाचक, लातूर जिल्हा

ताई,

पट्टी फेकून दिली नाहीत हे बरं झालं. तिच्याबद्दल सविस्तर लिहिते, पण त्याआधी तुम्हाला एक काम सांगते. त्याच कपाटात, रेशनकार्डं ठेवता त्या पिशवीत, सात वर्षांखालच्या ऑपरेशनचा डिस्चार्जचा कागद आहे का बघा. पिवळा पडला असेल, घडीवर फाटला असेल, तरी चालेल. त्यावर ऑपरेशनचं नाव इंग्रजीत लिहिलेलं असतं. घरातल्या शिकत्या लेकराला वाचायला सांगा. नुसतं टी.ए.एच. किंवा व्ही.एच. असेल तर गर्भपिशवी काढली. त्याला जोडून बी.एस.ओ. ही तीन अक्षरं असतील तर पिशवीबरोबर दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही अंडाशयंसुद्धा काढली. तुम्हाला जे विचारायचं आहे त्यातलं निम्मं उत्तर या तीन अक्षरांत आहे.

आपल्याकडं बायका म्हणतात, "माझी पिशवी काढली." अंडाशयं राहिली की गेली हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. पिशवी ही बाळ वाढायची जागा. ती काढली की पाळी थांबते. पण इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन पिशवीत तयार होत नाही, ते तयार करतात अंडाशयं. ती जागेवर असतील तर पाळी गेली तरी हार्मोन चालू राहतं. कधीकधी नेहमीपेक्षा काही वर्षं आधी थांबतं, आणि पाळीच नसल्यामुळं ते थांबल्याचं बाईला कळतही नाही. अंडाशयं काढली तर मात्र ऑपरेशनच्या दिवसापासूनच हार्मोन जवळजवळ बंद. ज्या बाईची पाळी आपोआप जाते तिच्या शरीराला सावरायला काही वर्षं मिळतात. तुमच्या शरीराला काही दिवसही मिळाले नाहीत. महिन्याच्या आत वाफा सुरू झाल्या असं तुम्ही लिहिलंय, तिथंच मला शंका आली की तुमची दोन्ही अंडाशयं काढलेली असणार. तरीही अंदाजावर राहू नका. कागद सापडला नाही तर जिथं ऑपरेशन झालं तिथं जुन्या नोंदीची नक्कल मागा, तो तुमचा हक्क आहे. तीही मिळाली नाही तर सोनोग्राफी आणि एफ.एस.एच. नावाची रक्ततपासणी यांवरून पुष्कळ कळतं.

एक गोष्ट मला कबूल करायची आहे. डॉक्टरकीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही कितीतरी जणींना "पिशवी काढली, आता सुटलात" एवढंच बोलून घरी पाठवलं आहे. आत काय ठेवलं, काय काढलं, पुढं शरीरात काय बदलेल, हे खुर्ची ओढून बसून सांगितलं नाही. बाहेर रांग असायची, हे खरं. पण ते कारण पुरेसं नव्हतं. त्यांतल्या कुणाकुणाची मनगटं पुढं मोडली असतील, ते मला कधी कळणार नाही.

आणि तुम्ही एकट्या नाही आहात. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या जातात अशी ओरड झाली, तेव्हा २०१९ साली राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कोयत्यावर जायचं, खाडा झाला तर पैसे कापले जातात, पाळीचे चार दिवस अंगावर काढायचे, तळावर ना पाणी ना आडोसा. मग "एकदाची काढून टाका" हे बाईलाच बरं वाटायला लागतं. तेव्हा पेपरात पिशव्यांचा आकडा मोठ्या अक्षरात आला. त्या बायकांच्या हाडांचं पुढं काय झालं, हे विचारताना मात्र मला फारसं कुणी दिसलं नाही.

आता हाडांकडं येते. हाड म्हणजे दगड असं आपल्याला वाटतं, एकदा झालं की झालं. तसं नाही. तुमच्याकडं जुनं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, असेल तर पटकन कळेल. माळवदावर दर उन्हाळ्यात जुनी भुसभुशीत माती उकरून काढायची आणि पाऊस यायच्या आत नवी चोपून बसवायची, तरच घर गळत नाही. हाडातही आयुष्यभर हेच चालतं. काही पेशी जुनं हाड उकरतात, काही नवं भरतात. उकरणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं काम इस्ट्रोजेनचं. ते गेलं की उकरणारे सुटतात आणि भरणाऱ्यांचा हात पुरेनासा होतो. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडाचा भरीवपणा १० ते २० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. तुमची ही सात वर्षं ३६व्या वर्षीच सुरू झाली. भारतातल्या बाईची पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी जाते. म्हणजे ज्या वयात हाडं भक्कम असायची त्या वयात तुमचं माळवद दर पावसाळ्यात वाहून जात होतं, आणि ते कुणालाच दिसत नव्हतं, कारण हाड झिजताना दुखत नाही. मोडतं तेव्हाच कळतं.

म्हणून मनगटाकडं "घसरले म्हणून मोडलं" असं बघू नका. माडीवरून पडून, गाडीखाली येऊन हाड मोडणं वेगळं. चालता चालता, उभ्या उंचीवरून पडून ४३व्या वर्षी मनगट मोडलं, तर ती हाडांनी दिलेली हाक आहे. तुमच्या हाडाच्या डॉक्टरांनी ती ऐकली आणि नुसतं प्लास्टर करून न सोडता पुढं पाठवलं. असं फार थोडे करतात.

डेक्सा नक्की करा. कमरेच्या मणक्यांचा आणि खुब्याचा अगदी कमी किरणांचा एक्स-रे असतो, पालथं-उताणं करून छळत नाहीत, सुई नाही, दहा-पंधरा मिनिटांत होतो. गावात शिबिर लागतं आणि टाच एका छोट्या मशीनमध्ये ठेवून "तुमची हाडं ठिसूळ आहेत" असं सांगून डबे विकतात, ते म्हणजे डेक्सा नव्हे. त्यावरून औषध सुरू करू नये. डेक्साच्या कागदावर टी-स्कोअर असतो. उणे १ पर्यंत ठीक. उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये असेल तर हाडं विरळ होऊ लागलीत. उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालीत. उणे ३ हा उणे २ पेक्षा वाईट असतो. आकडा मोठा दिसला म्हणून पुष्कळ जणी खूश होऊन येतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता पट्टी. जाऊबाईंनी जे ऐकलं ते त्यांच्या मनचं नाही, त्याला मूळ आहे. अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा फार मोठा अभ्यास चालला होता. जुलै २००२ मध्ये त्यातला एक भाग मुदतीआधी थांबवला आणि जगभर बातमी झाली की हार्मोननं छातीचा कॅन्सर होतो. लाखो बायकांनी गोळ्या सोडल्या, डॉक्टरांनी लिहायच्या बंद केल्या. पण त्या अभ्यासात कोण होतं? १६,६०८ बायका, सरासरी वय ६३, सगळ्यांची पिशवी जागेवर, आणि गोळीत दोन हार्मोनं: इस्ट्रोजेन आणि त्याच्या जोडीला प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध. औषध नसलेली नुसती दिसायला तशी गोळी घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला ३० जणींना छातीचा कॅन्सर झाला, खरी गोळी घेणाऱ्यांत ३८ जणींना. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. ते आठ थोडे आहेत असं मी म्हणत नाही, ज्या घरात होतो त्या घराला तो पूर्णच असतो. पण "हार्मोन घेतलं की कॅन्सर होतो" आणि "दहा हजारांत आठ" यांत किती अंतर आहे बघा. त्याच बायकांत खुबा मोडणाऱ्यांची संख्या १५ वरून १० वर आली, हे मात्र कुठल्या चावडीवर पोहोचलं नाही.

त्याच अभ्यासाचा दुसरा भाग तुमच्यासारख्यांचा होता. पिशवी काढलेल्या १०,७३९ बायका, आणि त्यांना फक्त इस्ट्रोजेन. तो भाग २००४ मध्ये थांबवला, कारण पक्षाघाताचं प्रमाण दहा हजारांमागे ३२ वरून ४४ वर गेलं. हा धोका खरा आहे, पण तो मुख्यतः साठी ओलांडलेल्यांसाठी. चाळिशीत पक्षाघाताचं मूळ प्रमाणच फार कमी असतं. आणि छातीचा कॅन्सर? तो वाढला नाही. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ३३, इस्ट्रोजेनवाल्यांत २६. खुब्याचं हाड मोडणं १७ वरून ११ वर आलं.

तरी तुम्ही या दोन्ही भागांत बसत नाही. त्या बायकांच्या शरीराला जे हार्मोन त्या वयात मिळणार नव्हतं ते त्यांना वरून दिलं होतं. तुमच्या शरीरात जे वयाच्या ४६-४७ पर्यंत हक्कानं असायला हवं होतं ते ३६व्या वर्षी काढून घेतलं गेलं, आणि डॉक्टर ते परत देऊ बघताहेत. तुमच्या वयाच्या, पाळी चालू असलेल्या तुमच्या मैत्रिणीच्या अंगात आज जेवढं इस्ट्रोजेन फिरतंय, साधारण तेवढंच. तिला कुणी म्हणतं का, तुझी अंडाशयं काढून टाक, कॅन्सर होईल? अंडाशयं लवकर काढली गेली असतील तर निदान नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत, साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन घ्यावं, असंच रजोनिवृत्तीचा अभ्यास करणारे तज्ज्ञ सांगतात. न घेतलं तर फक्त हाडांचा प्रश्न नाही, हृदयविकारही लवकर गाठू शकतो. मला तुमची काळजी वाटते ती गोळी घेण्याची नाही, गेली सात वर्षं ती न घेतल्याची.

मावशीबद्दल डॉक्टरांना जरूर सांगा. एका मावशीला, तोही ६६व्या वर्षी झालेला कॅन्सर, एवढ्यावरून तुम्हाला हार्मोन वर्ज्य होत नाही. आई, सख्खी बहीण, किंवा एकाच बाजूच्या दोघी-तिघींना, तेही तरुणपणी झाला असता, तर गोष्ट वेगळी होती. ज्यांना स्वतःला छातीचा कॅन्सर होऊन गेला आहे, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती, हार्टअटॅक किंवा पक्षाघात येऊन गेला, यकृताचा चालू आजार आहे, किंवा पिशवी आहे आणि पाळी गेल्यावर अंगावरून रक्त जातंय, त्यांनी मात्र हे औषध तपासल्याशिवाय घेऊ नये. यातलं काही तुमच्या पत्रात नाही, पण मी तुम्हाला तपासलेलं नाही. म्हणून उद्या सकाळी कपाटातली गोळी तोंडात टाका असं मी सांगणार नाही. त्याच बाईडॉक्टरांकडं परत जा. चार महिने घेतली नाही हे सांगायला लाजू नका, आम्हाला त्याची सवय असते. बी.पी., साखर, चरबी, यकृताच्या तपासण्या आणि छातीची तपासणी करून घ्या. पट्टीवरची मुदतही बघा.

पट्टीवर औषधाचं नावही वाचून घ्या. पिशवी असलेल्या बाईला इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन द्यावंच लागतं, नाहीतर पिशवीचं आतलं अस्तर जाड होऊन तिथं कॅन्सर होऊ शकतो. तुमची पिशवीच नाही, त्यामुळं सहसा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. पट्टीवर दोन औषधांची नावं दिसली तर "दुसरं कशासाठी?" हे विचारा; कधीकधी त्यालाही कारण असतं. आणि एक विचारा: "मला जेल चालेल का?" इस्ट्रोजेनचं जेल मिळतं. आंघोळ करून अंग कोरडं केल्यावर मांडीला किंवा दंडाला चोळायचं, छातीला कधीच नाही. पाच-दहा मिनिटं वाळू द्यायचं, हात धुवायचे, मग साडी. तासभर तिथं लहान लेकराला बिलगू द्यायचं नाही. पोटातून गोळी गेली की ती यकृतातून जाते आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. जेलला हा फेरा नाही. वजन जास्त असेल, बी.पी. असेल, डोकं अर्धशिशीनं दुखत असेल तर मी जेलच पसंत करते. गोळीपेक्षा महाग पडतं, तेही सांगून ठेवते.

पहिले दोन-तीन महिने छाती जड वाटेल, पोट फुगल्यासारखं होईल, डोकं दुखेल. बहुतेकींचं ते आपोआप बसतं. तीन महिन्यांनी डॉक्टरांना दाखवा, मग वर्षाला एकदा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक दम लागला, छातीत दुखलं, किंवा छातीत गाठ लागली, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी गाठायचं. वाफा आणि रात्रीचा घाम काही आठवड्यांत कमी होतील. सात वर्षं तुम्ही नीट झोपला नाहीत, ताई, आणि त्यालाच आपण "सहन कर" म्हणत आलो.

किती दिवस घ्यायचं? पन्नाशीपर्यंत तर घ्यायचंच, तिथं डॉक्टरांबरोबर बसून पुन्हा विचार करायचा. एक लक्षात ठेवा, हार्मोन थांबवलं की हाडांवरची राखण उठते, झीज पुन्हा सुरू होते. म्हणून थांबवताना डेक्सा पुन्हा करायचा आणि गरज असेल तर दुसरं औषध धरायचं. आत्ताच्या डेक्सात हाडं फारच खालावलेली निघाली तर डॉक्टर आत्ताही जोडीला काही देतील. आठवड्यातून एकदा घ्यायची अॅलेंड्रोनेटची गोळी असते. ती उठल्याबरोबर उपाशीपोटी, तांब्याभर साध्या पाण्याबरोबर, चहाबरोबर नाही, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका पोळते. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं इंजेक्शन असतं. दर सहा महिन्यांनी पोटाच्या कातडीखाली द्यायचं डेनोसुमॅब नावाचं इंजेक्शन असतं. ते मधेच सोडलं तर मणके एकामागून एक मोडू शकतात, म्हणून "पैसे आले की पुढचं घेऊ" असं ज्या घरात होण्यासारखं आहे तिथं ते सुरूच करू नये असं माझं मत आहे.

मालकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, तेवढं त्यांना सांगा. कॅल्शियम लागतंच. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं असं आपल्याच देशातली आयसीएमआर ही वैद्यकीय संशोधन संस्था सांगते. पण कॅल्शियम ही नवी माती आहे. उकरणाऱ्यांना ती आवरत नाही. इस्ट्रोजेनच्या जागी ती चालत नाही. आणि दूध पी म्हणताना घरातलं दूध जातं कुठं, हेही बघायला हवं. तुमच्या घरी म्हैस असेल तर सकाळी सहाला कॅन डेअरीवर जातो. जे मागं राहतं ते लेकरांना, म्हाताऱ्यांना, आणि तुमच्या वाट्याला चहात दोन चमचे. मला हे ठाऊक आहे, कारण मी विचारते तेव्हा दहांतल्या आठजणी हसून हेच सांगतात. तर रोज एक पेला दूध तुमच्या नावानं बाजूला काढा, त्यात २४० मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. एक वाटी दही किंवा दोन पेले ताक. तिळाची चटणी रोज दोन चमचे, तिळात कॅल्शियम भरपूर असतं. शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी. ज्वारीची भाकरी पोटाला चांगली, पण कॅल्शियमसाठी तिच्यावर विसंबू नका. एवढं करूनही कमी पडेल ते गोळीनं भरा. जनऔषधी केंद्रात ती स्वस्त मिळते. एका वेळी ५०० हून जास्त शरीर घेत नाही, साधी कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणानंतर घ्यावी, आणि रक्तवाढीची लोहाची गोळी तिच्याबरोबर घेऊ नये, दोन तास अंतर ठेवावं. थायरॉइडची चालू असेल तर चार तास.

तुम्ही म्हणाल, शेतात जाते, ऊन तर भरपूर. पण सोयाबीन काढताना तुम्ही साडीवर मालकांचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालता, डोक्याला-तोंडाला रुमाल बांधता, दिसतात ते नुसते डोळे. बाकीचे महिने शिलाई मशीनवर, घरात. ड जीवनसत्त्व कातडीवर ऊन पडलं तरच तयार होतं. सकाळी अकरा ते दोनच्या दरम्यान, हात कोपराच्या वर उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं अंगणात बसा, तांदूळ निवडा, काज-बटणं लावा. एप्रिल-मे सोडून, त्या महिन्यांत लातूरच्या दुपारी मी कुणाला बाहेर बसायला सांगणार नाही, नऊ-दहाचं ऊन घ्या. रक्तात ड कमी निघालं तर ६० हजार युनिटचं पाकीट आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे देतात. पुढं डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःच चालू ठेवू नका, हे जास्त झालं तर बाधतं.

दोन गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत, तरी विचारते. तुम्ही मिश्री लावता का? तंबाखू हाडं पोखरतो, आणि हार्मोनच्या गोळीबरोबर तर अजिबात नको. दुसरं, सांधे दुखतात म्हणून आठवडी बाजारातून कागदाच्या पुड्या आणता का? ज्या पुडीनं एका दिवसात गुडघे हलके होतात, भूक लागते, तोंड गुबगुबीत दिसायला लागतं, तिच्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. हाडं ठिसूळ करणाऱ्या औषधांत ते पहिल्या नंबरावर आहे. बरेच महिने घेत असाल तर एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं असतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडं जा.

हात बरा झाल्यावर सकाळ-संध्याकाळ ओट्याला धरून टाचा वर करून पंजांवर वीस वेळा उभ्या राहा. मग हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा. मग ओट्याला एक बोट लावून एका पायावर मोजत उभं राहा. दिवसभर वाकून खुरपलं म्हणजे हाडांना व्यायाम झाला असं होत नाही. हाडाला उभ्यानं वजन पेलायला लागतं. डेक्सा येईपर्यंत वाकून पोतं, घागर उचलू नका. पुढच्या येळवशीला बिंदगी दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर द्या, तुम्ही भज्जीची टोपली घ्या.

शेवटी सासूबाईंविषयी. "सहन कर" म्हणाल्या म्हणून त्यांच्यावर राग धरू नका, त्यांना कुणी दुसरं काही सांगितलंच नव्हतं. माझी आत्या नांदेडला असायची, नऊवारी नेसायची. एका वर्षी तिच्या लुगड्याचा काठ जमिनीवरून लोळायला लागला. आम्ही म्हणायचो, आत्याला आता नीट नेसता येत नाही. ती रोज कमरेशी एक घडी जास्त खोचायची आणि काही बोलायची नाही. मी तेव्हा डॉक्टर झालेली होते. लुगडं तेवढंच होतं, आत्या कमी झाली होती. पाठीचे मणके आतल्या आत दबून तिची उंची गेली होती. मला ते दिसलं तेव्हा ती न्हाणीत पडून तिचा खुबा मोडला होता.

तुमच्या सासूबाईंची उंची भिंतीला टेकवून मोजा, आणि तरुणपणी त्या घरातल्या कुठल्या फळीला हात पुरवायच्या ते विचारा. पाठ वाकली असेल, उंची दीड इंचाहून जास्त कमी झाली असेल, तर लातूरला जाल तेव्हा त्यांनाही सोबत न्या आणि दोघींचा डेक्सा एकाच फेरीत करून घ्या. एसटीत तुमचं अर्धं तिकीट आहे. त्यांना पंच्याहत्तर पूर्ण झाली असतील तर त्यांचं तेवढंही लागणार नाही, आधारकार्ड तेवढं जवळ ठेवा.